दोन उपकेंद्रे आणि मधली रात्र : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : शेतीला दिवसा वीज आणि सर्वांना पाच लाखांचे आरोग्य संरक्षण या दोन वचनांबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. घरची सहा एकर जमीन, एक विहीर आणि पाच अश्वशक्तीची एक मोटार एवढाच आमचा पसारा आहे. मुख्यमंत्रिपदाबरोबर ऊर्जा खातेही आपण स्वतःकडे ठेवले आहे आणि आरोग्याच्या योजनांचा उल्लेख आपल्या बहुतेक भाषणांत असतो, म्हणून हे पत्र दोन मंत्र्यांना वेगवेगळे न लिहिता आपल्यालाच लिहितो आहे. तसे करण्याला आणखी एक कारण आहे. ही दोन वचने मंत्रालयात दोन खात्यांची असली, तरी आमच्या शिवारात ती एकाच रात्री आणि एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

आधी जे झाले आहे त्याची नोंद करतो. शेतीच्या वाहिन्यांना सौर प्रकल्पांतून दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आपल्याच पहिल्या कारकिर्दीत सुरू झाली. पहिली काही वर्षे ती रखडत चालली, पण २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि या आवृत्तीला वेग आहे, हे मी नाकारणार नाही. तिच्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. तो तीन मेगावॉटचा आहे. एका पाहुण्याकडे गेलो असताना मी तो मुद्दाम पाहून आलो. शिक्षकाची सवय म्हणून तिथेच कुंपणाशी उभे राहून मनात गणित मांडले, की पाच अश्वशक्तीची मोटार पावणेचार किलोवॉट धरली तर तीन मेगावॉटवर कागदोपत्री आठशे मोटारी एका वेळी चालतील. प्रत्यक्षात ऊन कलल्यावर हा आकडा उतरेल, ढगाळ दिवशी आणखी उतरेल, हेही समजते. तरीही ज्या शेतकऱ्याने उभी हयात रात्रीच्या पाळीत काढली, त्याला दुपारी बाराच्या उन्हात पाट वाहताना पाहून काय वाटत असेल हे मला कुणी समजावून सांगायला नको.

राज्यभर अशा १६,००० मेगावॉटचे उद्दिष्ट आपण ठरवले आहे आणि डिसेंबर २०२६ पर्यंत शेतकऱ्याला वर्षाचे ३६५ दिवस, दिवसा बारा तास वीज मिळेल असे आपण जाहीर केले आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी शासनाने उचलले आहे. एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक सौरपंप बसवल्याची गिनेस बुकात नोंद झाली, त्याच्याही बातम्या आम्ही वाचल्या. घरगुती वीजदराचा विषय वीज नियामक आयोगाच्या आदेशांतून आणि न्यायालयांतून फिरत राहिला आहे, त्याबद्दल माझ्यापेक्षा जाणकार माणसे बोलतील, म्हणून तो मी बाजूला ठेवतो.

आता रात्रीकडे येतो.

आमच्या कृषी फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीला, अजूनही चक्राकार पद्धतीनेच वीज मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री आठ तास. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याकडे रात्रीची पाळी होती. साडेदहाला थ्री फेज आली, ऑटोवर टाकलेली मोटार सुरू झाली आणि माझा पुतण्या गव्हाला पाणी द्यायला निघाला. ज्यांनी कधी दारे धरलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, की विहिरीचे पाणी पाटाने शेतात येते, ते एका वाफ्यात सोडायचे, तो भरत आला की फावड्याने मातीचा बांध फोडून पुढच्या वाफ्याला वळवायचे आणि मागचे दार बुजवायचे. हे काम आठ तास चालते. एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात बॅटरी असते, पण बांध फोडायला दोन्ही हात लागतात, तेव्हा बॅटरी काखेत जाते आणि तिचा उजेड भलतीकडेच पडतो. घरात गमबूट होते. ते त्याने घातले नव्हते, कारण चिखलात ते रुतून बसतात. ही त्याची चूक होती आणि ती मी शासनाच्या माथी मारणार नाही.

दीडच्या सुमारास दार बुजवताना घोट्याच्या वर दंश झाला. घोणस होती. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार त्याने ऐकला होता, पण पाण्याच्या आवाजात तो उशिरा कळला. शेजारच्या वस्तीवर आमच्या आशा सेविका, आमच्या आशाताई, राहतात, त्यांना फोन लावला. पाय दोरीने आवळू नका, ब्लेड लावू नका, त्याला चालवू नका, असे त्यांनी झोपेतून उठून एका दमात सांगितले आणि त्यांच्या सांगण्यामुळेच दोरी घेऊन उभा असलेला माझा चुलतभाऊ थांबला. मोटारसायकलवर मधे बसवून, मागून एकाने धरून, आम्ही त्याला अकरा किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. निघण्याच्या गडबडीत मोटार बंद करायची राहिली आणि ती सकाळपर्यंत चालूच होती.

आरोग्य केंद्रात लाईट नव्हती. गावठाण फीडर, म्हणजे गावातल्या घरांची वाहिनी, बाराच्या सुमारास गेला होता. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी कित्येक महिन्यांपासून उतरलेली होती आणि नवी मागितल्याचा कागद कुठल्यातरी टेबलावर होता. परिचारिकाताई एकट्याच होत्या, डॉक्टर त्या रात्री मुक्कामाला नव्हते. ताईंनी मोबाइलच्या उजेडात रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घेतले, नळी न हलवता वीस मिनिटे ठेवली आणि मग हळूच तिरपी केली. रक्त पाण्यासारखे ओघळले. ते गोठले नव्हते, म्हणजे विष अंगात भिनले होते. ही चाचणी मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. तिला ना यंत्र लागते, ना वीज, फक्त एक स्वच्छ काचनळी, एक घड्याळ आणि ती करणारे माणूस लागते. हे तिन्ही तिथे होते. सर्पदंशाची लसही (विषावरचे प्रतिविष) फ्रीजमध्ये होती. ती चालू करायला डॉक्टर नव्हते, कारण लस देताना रुग्णाला तीव्र प्रतिक्रिया आली तर ती सांभाळण्याची जबाबदारी एकट्या परिचारिकेने अंधारात घ्यावी अशी अपेक्षा कुणीही करू शकत नाही. ताईंनी जे केले ते सगळे योग्य केले.

१०८ची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला सोडून यायला तास लागला. ग्रामीण रुग्णालयात लसीची पहिली मात्रा सव्वाचारला सुरू झाली. दंश दीडला, मात्रा सव्वाचारला, म्हणजे मधे पावणेतीन तास गेले. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली आणि त्याला शहरात हलवावे लागले. तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात चार वेळा डायलिसिस झाले आणि त्याचा एक रुपयाही आम्हाला पडला नाही. सोळा दिवसांनी पुतण्या घरी आला. आज तो शेतात जातो, फक्त रात्रीच्या पाळीला त्याची आई त्याला जाऊ देत नाही, मग मी जातो.

महोदय, या योजनेने आमचे घर कर्जातून वाचवले हे मी कृतज्ञतेने लिहितो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली, नंतर महात्मा फुले यांचे नाव मिळालेली ही योजना दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तो चांगलाच होता. पण त्या सोळा दिवसांत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी एकाच प्रश्नाभोवती फिरत होतो. पहिल्या तासात लस मिळाली असती तर मूत्रपिंडापर्यंत गोष्ट गेली असती का? डॉक्टरांनी याचे ठाम उत्तर दिले नाही आणि ते देताही येणार नाही. मात्र लस जितकी लवकर तितके नुकसान कमी, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले. पाच लाखांचे संरक्षण आमच्या कामी आले ते पावणेतीन तासांचे नुकसान भरून काढण्यासाठी. ते पावणेतीन तास कमी करण्यासाठी लागणारा खर्च बहुधा एका बॅटरीचा आणि मुक्कामी राहणाऱ्या एका डॉक्टरचा होता.

विजेच्या वचनात आणि आरोग्याच्या वचनात मला जो फरक दिसतो तो हा आहे. विजेच्या वचनाला आपण मुदत घातली आहे, तासांचा आकडा दिला आहे, मेगावॉटचे माप लावले आहे, त्यामुळे ते पुरे झाले की नाही हे जानेवारी २०२७ मध्ये आमच्या वस्तीवरचे शाळकरी पोरही सांगू शकेल. आरोग्याच्या वचनाला रक्कम आहे, पण तास नाहीत. पाच लाख रुपये कोणत्या रुग्णालयात मिळतील याची यादी आहे, परंतु वस्तीपासून किती मिनिटांत डॉक्टर भेटेल याबद्दल एक ओळही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे घेणे बंद झाले. चांगले झाले, पण केसपेपर लिहिणारा रात्री असला तर. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये आले. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्रासारखे संपन्न राज्य त्या आकड्याच्या बरेच खाली आहे, आणि आमच्या आरोग्य केंद्रातली ती उतरलेली बॅटरी याच फरकात कुठेतरी बसते.

सर्पदंशावर मी जरा जास्त लिहितो आहे असे आपल्या कार्यालयातल्या कुणाला वाटेल. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. यातले बहुतेक खेड्यातले आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात, विजेच्या धक्क्याने झाल्यासही मिळतात. रात्री दारे धरणाऱ्या माणसाला ज्या दोन गोष्टींची धास्ती असते, त्या दोन्हींचा दर शासनाने असा आधीच ठरवून ठेवला आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या भागांत त्यात बिबट्याची भर पडते आणि तिथले शेतकरी दिवसा वीज मागतात ती बिलासाठी नव्हे, जिवासाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांनी दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मांडला होता, तेव्हाही भाषणांत युनिटच्या दराइतकेच साप आणि विंचू होते.

म्हणून मी असे मानतो, की दिवसा वीज ही महाराष्ट्राने आजवर आखलेल्या सर्वांत मोठ्या आरोग्य योजनांपैकी एक ठरू शकते, फक्त तसे कुठे लिहिलेले नाही. फीडर दिवसावर गेला की त्या शिवारातली रात्रीची वर्दळ थांबते, दंश कमी होतात, ओल्या हाताने स्टार्टर उघडून फ्यूज बदलणारे हातही कमी होतात. ज्या उपकेंद्रांवर सौर प्रकल्प सुरू झाले, त्या गावांत रात्रीचे सर्पदंश किती कमी झाले याची मोजणी आरोग्य विभागाने महावितरणकडून यादी मागवून करावी. महावितरणकडे फीडरचा तपशील आहे, आरोग्य केंद्राकडे सर्पदंशाची नोंदवही आहे. दोन वह्या शेजारी ठेवण्याइतकेच काम आहे.

मराठीत गंमत अशी आहे, की विजेच्या त्या तारांच्या कुंपणालाही आपण उपकेंद्र म्हणतो आणि आरोग्यसेविकेच्या त्या दोन खोल्यांनाही उपकेंद्रच म्हणतो. आमच्या गावात ही दोन्ही उपकेंद्रे एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर आहेत. एकाच्या आवारात ३३ हजार व्होल्ट येतात आणि दुसऱ्यात बाळंतिणीच्या खाटेवर मोबाइलचा उजेड धरावा लागतो. वीज उपकेंद्र महावितरणचे, आरोग्य उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. माझ्या पुतण्याने एका रात्रीत आणि पुढच्या काही दिवसांत यातल्या बहुतेकांच्या हद्दी ओलांडल्या आणि प्रत्येक हद्दीवर कागद नव्याने लिहिला गेला.

आपल्याच योजनेत याची एक वाट आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतो, तिला वर्षाला पाच लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे मिळून पंधरा लाख रुपये प्रोत्साहन म्हणून मिळतात. या पैशातून प्रवेशद्वाराच्या कमानी आणि पेव्हर ब्लॉक होतील, ही भीती मला खेड्यातला माणूस म्हणून आहे. पहिल्या वर्षाच्या पाच लाखांतून आधी गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर किंवा आरोग्य केंद्रावर बॅटरीसह सौर संच बसवावा, तो फ्रीज, प्रसूतीची खोली, ऑक्सिजन देणारे यंत्र आणि दोन दिवे एवढे रात्रभर चालवील असा असावा, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च पुढच्या वर्षांच्या रकमेतून राखून ठेवावा, असे आपण एका शासन निर्णयाने ठरवू शकता. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तिथल्या अक्षय ऊर्जा संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर असे संच पूर्वीच बसवले आहेत, तेव्हा हे काही आकाशातले बोलणे नाही. बॅटरीचा उल्लेख मी पुन्हा पुन्हा करतो आहे, कारण पॅनेलचे उद्घाटन होते आणि बॅटरीचे होत नाही, आणि नेमकी रात्री उपयोगी पडते ती बॅटरीच.

आणि जिथे वीज आहे तिथे ती सुरक्षित आहे का, हेही पाहावे लागेल. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. दोन्ही वेळा तपासणीचे आदेश निघाले. आमच्या आरोग्य केंद्रातला मीटरचा बोर्ड मी पाहिला आहे, त्यावर फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली आहे.

राहिला माणसांचा प्रश्न. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी कोल्हापुरात महायुतीने जी दहा वचने दिली, त्यांत आशा आणि अंगणवाडी सेविकांना दरमहा १५,००० रुपये देण्याचे वचन होते. त्या रात्री आमच्याकडे पहिला वैद्यकीय सल्ला दीड वाजता एका आशाताईंनी दिला, तोही स्वतःच्या रिचार्जवर. त्यांच्या वचनाला तारीख कोणती, हे त्यांनी मला विचारले आहे आणि मी ते आपल्याकडे पाठवतो आहे.

मी मागतो आहे ते मोजके आहे. प्रत्येक वीज उपकेंद्राच्या दारावर एक फलक लावावा आणि त्यावर तिथून निघणाऱ्या प्रत्येक कृषी फीडरचे नाव, तो दिवसावर गेला का, आणि नसेल तर कोणत्या महिन्यात जाणार, हे लिहावे. तसाच फलक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर लावावा. त्यावर आज रात्री मुक्कामी कोण डॉक्टर आहेत, सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि बॅटरी शेवटची कधी बदलली, एवढ्या तीन ओळी पुरेत. खडूने लिहिल्या तरी चालतील. तीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे, गावाने हाक दिली तर आमच्या केंद्राच्या फळ्यावर रोज संध्याकाळी मी स्वतः लिहायला जाईन, फक्त आत लिहिण्यासारखे काही असावे.

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे. गमबूट दाराशी काढून ठेवले आहेत आणि आरोग्य केंद्रात फोन करून आज डॉक्टर मुक्कामी आहेत का, हे विचारून घेतले आहे. ताई म्हणाल्या, सर, आठच्या पुढे पुन्हा एकदा लावून बघा.

आपला नम्र,
एक शेतकरी व निवृत्त प्राथमिक शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर जिल्हा.